औरादकर डॉक्टरांचा चेहरा

औरादकर डॉक्टरांचं तैलचित्र ज्यांनी ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं, ते सगळे चिडले. मीही चिडले होते, हे आधीच कबूल करते. एवढा मोठा माणूस, निम्म्या नल्लकुंट्याची नाडी ज्याच्या बोटांखालून गेलेली, आणि चित्रात काय? सुजलेल्या पापण्या, जाड झालेलं नाक, पिवळट कातडी, आणि भुवया तर अर्ध्या वाटेवरच संपलेल्या. आमच्या सत्कार समितीचे अध्यक्ष बिदरकर वकील म्हणाले, "हे चित्र नाही, ही बदनामी आहे." आज ते आठवलं की मला हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो. पण ते सांगायच्या आधी डॉक्टर कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर मजा कळणार नाही.

हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या भाजीबाजारामागच्या गल्लीत त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. बाहेर बाकं, आत पूर्वेच्या खिडकीला लागून एक स्टूल. पेशंटने स्टुलावर बसायचं आणि गप्प राहायचं. तोंड उघडलं की डॉक्टर बोट वर करायचे. "सबूर. आधी बघू द्या." मग चांगली दोन मिनिटं नुसते बघायचे. केस, कान, नखं, चपलेची कुठली टाच जास्त झिजली आहे, सगळं. नव्या माणसाला ती दोन मिनिटं युगासारखी वाटायची. दिवे लागायच्या वेळेला दवाखाना बंद. कितीही गर्दी असो, उद्या या. ट्यूबलाइटच्या उजेडात कावीळ लपून बसते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मूळचे ते बिदरकडच्या शेतकरी घरातले. शाळा निजामाच्या काळातली, म्हणून पेशंटची टिपणं उर्दूत लिहायचे, चौकशी तेलुगूत करायचे, आणि रागवायचे मात्र अस्सल मराठीत. त्यांचं रागावणं ऐकायला बाहेरच्या बाकावर लोक कान टवकारून बसत. मी त्यातलीच एक, कारण माझ्यावरही ती पाळी येऊन गेली होती.

मी तेव्हा विद्यानगरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. सासूबाईंचा खोकला दाखवायला गेले होते. सासूबाई स्टुलावर, मी मागे उभी. डॉक्टरांनी सासूबाईंना बघितलं, मग मान थोडी तिरकी करून मला बघितलं. माझे हात बघितले. आणि भरल्या दवाखान्यात विचारलं, "टीचरबाई, खडू खाता का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कारण खात होते! सहा महिने रोज, वर्ग सुटला की फळ्याखालचे तुकडे गोळा करून. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. सासूबाई तर वळून माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी फळाच खाल्लाय.

"अंगात रक्त नाही म्हणून हे डोहाळे," डॉक्टर म्हणाले. "नखं बघा, वाटीसारखी खोल झालीत. लोहाच्या गोळ्या देतो. आणि तोवर शाळेला थोडा खडू राहू द्या." तीन महिन्यांत माझी खडूची इच्छा गेली. त्या दिवसापासून मी त्यांची भक्त झाले ते झालेच.

ज्या युसूफभाईंनी ते चित्र काढलं, तेही असेच त्यांच्या हातून बरे झालेले. युसूफभाई सिनेमाचे बॅनर रंगवायचे. अंबरपेठेत त्यांची पत्र्याची शेड होती, तिच्यात तीस फुटी नायिका आडवी पडलेली असायची आणि हे तिच्या गालावर बसून तिचे डोळे रंगवत असायचे. एका वर्षी त्यांचा उजवा पंजा मनगटापासून लोंबायला लागला. ब्रश धरता येईना. कुणी अर्धांगवायू म्हटलं, कुणी करणी म्हटलं. औरादकर डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, मग त्यांचा ओठ वर उचलून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेने निळी रेघ होती.

"ब्रशला टोक कसं काढता, करून दाखवा."

युसूफभाईंनी डाव्या हाताने ब्रश उचलला आणि सवयीने ओठांत धरून फिरवला.

"झालं! सफेद्यातलं, त्या पांढऱ्या रंगातलं शिसं खाताय तुम्ही इतकी वर्षं," डॉक्टर टाळी वाजवून म्हणाले. निदान सापडलं की ते असे टाळी वाजवायचे, समोरचा माणूस कितीही घाबरलेला असो. युसूफभाईंचा हात परत यायला वर्ष लागलं, पण आला. तेव्हापासून ते आपला उजवा हात दाखवून सगळ्यांना सांगायचे, "ये हाथ अपना नै, डॉक्टर साब का है."

मग ते दिवस आले. देशाची दारं उघडली म्हणत, तशी आमच्या शहराचीही उघडली. घराघरांत केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी खोकी आली, आणि काचेची नवी हॉस्पिटलं आली. आत थंडगार हवा, दारात कारंजं, आणि संपूर्ण शरीराची तपासणी एकाच सकाळी! आम्ही अक्षरशः नुसतं बघायला जाऊन यायचो. डॉक्टरांचा पुतण्या श्रीकांत अशाच एका हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून लागला. तो म्हणायचा, "काका, आता बघत बसायची गरज नाही, मशीन सांगतं." डॉक्टरांचा मशीनवर राग नव्हता. "मशीन हा साक्षीदार आहे," ते म्हणायचे. "त्याला काय विचारायचं ते वकिलाला माहीत पाहिजे ना?" बिदरकर वकिलांना हे वाक्य फार आवडायचं. ते जिथे तिथे स्वतःचं म्हणून सांगायचे.

आणि त्याच दोन-तीन वर्षांत डॉक्टर मंदावले.

हळूहळू मंदावले, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. हैदराबादच्या एप्रिलमध्ये ते स्वेटर घालून बसायला लागले. आवाज घोगरा झाला. खणखणीत बोलणारा माणूस, आता एकेक शब्द ओढून काढायचा. पेशंट समोर असताना डुलकी लागायची. त्यांच्या पत्नी जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच वाक्य पाठ केलं होतं: वय झालं, त्यात काकू गेल्या, खचले. मीही हेच म्हणायचे. त्यांच्यासमोर मान वर करून बघायची कुणाची छाती होती? आम्ही आपले वाकून नमस्कार करायचो आणि पायांकडे बघत घरी यायचो.

एके दिवशी मी गेले तर दवाखाना रिकामा, आणि डॉक्टर पेशंटच्याच स्टुलावर बसलेले. शेजारी त्यांचा जुना कंपाउंडर सत्तय्या मान खाली घालून उभा. डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याला हृदयाची गोळी दिवसातून एकदा लिहायची ती तीनदा लिहिली होती. सत्तय्याने ती वेळेवर पकडली म्हणून बरं.

"बाई, मला काही आठवेनासं झालंय," डॉक्टर म्हणाले. "काल सत्तय्याचं नाव आठवलं नाही. चाळीस वर्षं माझ्याजवळ असलेला माणूस. डॉक्टर विसरला तर समोरचा मरतो. संक्रांतीनंतर दवाखाना बंद."

मला रडू फुटलं. तिथेच, त्यांच्यासमोर. त्यांनी माझं सांत्वनही केलं नाही, इतके ते थकले होते. हा दवाखाना म्हणजेच ते होते. तो बंद झाला की हा माणूस स्वेटर घालून अंगणात बसणार आणि तसाच संपणार, हे मला लख्ख दिसत होतं.

म्हणून सत्काराची टूम निघाली. पेशंटांची समिती झाली, बिदरकर वकील अध्यक्ष, मी चिटणीस. ठरलं की मराठी मंडळाच्या सभागृहात डॉक्टरांचं तैलचित्र लावायचं. त्या सभागृहाच्या भिंतीवर आधीच आठ थोर पुरुष होते, सगळे चंदनाच्या हारातले. जिवंत माणसाचं हे पहिलंच. डॉक्टरांनी एकच अट घातली: फोटोवरून काढायचं नाही. "फोटोत सगळे निरोगी दिसतात," म्हणाले. युसूफभाईंना विचारलं, तर त्यांनी एक सिनेमा अर्धा टाकून होकार दिला.

चार रविवार डॉक्टर खिडकीपाशी बसले. बसले म्हणजे झोपले. युसूफभाई मला सांगायचे, "टीचरबाई, डॉक्टर साब कुर्सी पो बैठे नै की सो जारें. मेरेकू अच्छाच है, हिलते नै."

सत्काराच्या आठ दिवस आधी आम्ही समितीवाले शेडमध्ये चित्र बघायला गेलो आणि वर सांगितलं तो हाहाकार झाला. बिदरकर वकील तापले. माझ्या हातात डॉक्टरांचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो दिला आणि म्हणाले, "चिटणीसबाई, याच्यावरून भुवया पूर्ण करून घ्या, गाल जरा बसवा, रंग गोरा करा." आणि स्वतः स्कूटरवर बसून निघून गेले. मागे राहिले मी आणि युसूफभाई.

मी फोटो पुढे केला. युसूफभाईंनी हात मागे घेतले.

"फोटू देखकेच बनाना था तो चार इतवार कायकू बिठाए उनकू?"

"युसूफभाई, लोक काय म्हणतील? थोड्याशा भुवया..."

"इत्तीच हैं तो इत्तीच बनाऊंगा. सिनेमावालों कू मैं झूठ बनाके देतूं, चालीस साल से बनारूं. आँखां बड़े, होंटां लाल. पन उनो मेरेकू देखे थे टीचरबाई. सब हाथ कू देख रे थे, उनो मुँह खोलके देखे. अब मैं उनकू नै देखना क्या?"

मी फोटो पर्समध्ये घातला. घरी येऊन वकिलांना फोन केला आणि सांगितलं, "हो, करतायत दुरुस्ती." साफ खोटं बोलले. आयुष्यात एवढं खोटं मी खडूच्या बाबतीतही बोलले नव्हते. का बोलले ते तेव्हा कळलं नाही. युसूफभाई खरं बोलत होते, एवढंच कळत होतं.

सत्काराच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. बाहेर पायऱ्यांवर लोक. खादीच्या टोप्या, रेशमी साड्या, युसूफभाईंची अख्खी टोळी. डॉक्टर स्वेटर आणि वर मफलर घालून व्यासपीठावर बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. वकिलांनी भाषण ठोकलं, दोरी ओढली, पडदा सरकला.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या.

त्यात आमच्या मंडळाच्या शिपायाने घोळ घातला. डॉक्टरांच्या गळ्यात घालायचा झेंडूचा भलामोठा हार त्याने सवयीने उचलला आणि चित्राला घातला! भिंतीवरच्या आठ जणांना तो वर्षानुवर्षं घालत आला होता, नववा आला तर त्यालाही घातला. बायकांनी तोंडावर हात घेतले. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. वकिलांचा चेहरा पांढराफटक. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी खांबाआड झाले.

डॉक्टरांनी डोळे उघडले. चित्राकडे बघितलं. उठले. सावकाश, एकेक पाऊल टाकत चित्रापाशी गेले. सगळ्यांना वाटलं, आता हे रडणार. ते बोलले मात्र नेहमीच्या घोगऱ्या आवाजात, "हार काढा. मान बघायची आहे."

शिपायाने हार काढला. डॉक्टर बघत राहिले. दोन मिनिटं. आम्ही दोनशे माणसं त्यांच्या पाठीकडे बघत होतो. मग त्यांचं बोट वर गेलं, डाव्या भुवईच्या टोकावर टेकलं. तिथून पापणीवर, तिथून गालावर.

"श्रीकांत, इकडे ये," ते म्हणाले. "या पेशंटला बघ. कातडी कोरडी, पिवळट. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा गायब. पापण्या फुगलेल्या. ओठ जाड. याला एप्रिलमध्ये थंडी वाजते. आवाज बसलाय. बसल्या बसल्या झोपतो. नावं विसरतो. काय झालंय याला?"

श्रीकांत गोंधळला. "काका, हे तुम्ही..."

"पेशंटचं नातं विचारलं नाही, आजार विचारला!"

श्रीकांतच्या डोळ्यांत एकदम प्रकाश पडला. "थायरॉइड," तो पुटपुटला. "थायरॉइड कमी पडतंय."

आणि डॉक्टरांनी टाळी वाजवली! हळू वाजवली, हात जड झालेले होते, पण वाजवली. मग जे झालं ते कुठल्याही सत्कारात झालं नसेल. ते खुर्चीवर गुडघे टेकून उलटे बसले, प्रेक्षकांकडे पाठ, पायांतले मोजे काढले आणि म्हणाले, "घोट्याच्या वरच्या शिरेवर ठोक." श्रीकांतकडे कुठला हातोडा? त्याने व्यासपीठावरची वकिलांची लाकडी छडी घेतली आणि टाचेच्या वर हलकेच टकटक केली. लोंबतं पाऊल खटकन वर उचललं गेलं आणि मग अगदी आळसात, आरामात परत खाली आलं. पहिल्या रांगेला तेवढं स्पष्ट दिसलं.

"सगळ्यांनी बघितलं? असं सावकाश परत येतं ते याच आजारात," डॉक्टर खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले. "हे म्हातारपण नाही! याला गोळी आहे!"

सभागृह उसळलं. मी खांबाआडून बाहेर पळत आले, रडत होते की हसत होते मलाच कळेना. सत्तय्या वाद्य वाजत असल्यासारखा जागच्या जागी नाचत होता. डॉक्टर युसूफभाईंना शोधत होते. ते मागच्या दाराशी उभे होते, आपली चूक झाली या समजुतीने निघायच्या तयारीत. डॉक्टरांनी त्यांना मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते युसूफभाईंनी मला कधीच सांगितलं नाही, नुसते डोळे पुसायचे.

मग डॉक्टरांनी श्रीकांतला सांगितलं, "आता बोलाव तुझ्या साक्षीदाराला." रक्ताच्या तपासणीने तेच सांगितलं. आरशाचं काय, असं मी त्यांना नंतर विचारलं. रोज दाढी करताना दिसलं नाही? तर म्हणाले, चष्मा काढून करतो, सगळं धूसर दिसतं. आणि खरी गोष्ट मला माहीत होती. आम्ही सगळे त्यांच्यासमोर होतो आणि आदराच्या नावाखाली कुणीच त्यांना बघितलं नव्हतं.

दवाखाना संक्रांतीला बंद झाला नाही. होळीपर्यंत डॉक्टरांचा स्वेटर गेला, उन्हाळ्यात आवाज परत आला, आणि पुढच्या दिवाळीत तर त्यांचं रागावणं रस्त्यापर्यंत ऐकू यायला लागलं. बिदरकर वकील सगळीकडे सांगत सुटले, "ते चित्र मीच काढवून घेतलं." चित्र मंडळात राहिलं नाही. डॉक्टरांनी ते उचलून वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका वर्गात नेलं आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन त्याच्यावर शिकवायला लागले.

तिथेच मी त्यांना शेवटचं पाहिलं. त्या महिन्यात आम्ही हैदराबाद सोडून पुण्याला चाललो होतो, म्हणून निरोप घ्यायला गेले होते. मागच्या बाकावर बसले. डॉक्टर असे रंगात आले होते की काय सांगू! जानेवारीतही पंखा जोरात, कपाळावर घाम, एका वाक्यात तीन वाक्यं, हातातली पट्टी चित्रावर नाचतेय. मुलंमुली भारावून लिहून घेत होती. मी मनात म्हटलं, वा! गेलेला माणूस दुपटीने परत आला.

"विचारा काही असेल तर," डॉक्टर शेवटी म्हणाले.

पहिल्या रांगेतली एक किरकोळ मुलगी उठली. वेणी पुढे घेतलेली, कुठल्याशा लहान गावातून आलेली वाटत होती. चित्राकडे बघेना, डॉक्टरांकडेच बघत राहिली. चांगला वेळ बघत राहिली. शेजारची तिचा पदर ओढत होती.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या हातातली पट्टी थरथरतेय. सर, तुम्ही गोळी जास्त घेताय का?"

किती आनंदाने मी ती थरथर बघत बसले होते!

डॉक्टरांनी पट्टीकडे बघितलं. मग तिच्याकडे. त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो मरेपर्यंत विसरणार नाही. "बरं वाटतंय म्हणून दोन महिने वाढवून घेतोय," ते चोरी पकडली गेल्यासारखे हळूच म्हणाले. पट्टी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून तिच्या बाकासमोर बसले आणि बाही सारून मनगट पुढे केलं.

"मोज," म्हणाले. "पूर्ण एक मिनिट. घाई नक्को."